स्लाउमधलं घर विकताना: ईपीसी आणि कागदांच्या नोंदी

१३ जुलै २०२५, रविवार

घर विकायचं नक्की झालं. बायकोची नोकरी एप्रिलपासून मँचेस्टरला गेलीय, दर शुक्रवारी ट्रेन पकडून येणं आणि रविवारी परत जाणं हे किती दिवस चालणार. इथे इंग्लंडमध्ये आपल्यापैकी पुष्कळ जणांनी घर घेतलंय पण विकलेलं फार थोड्यांनी, त्यामुळे कुणाला विचारायला गेलं की जो तो घेतानाचंच सांगतो. म्हणून या नोंदी ठेवतोय, तारखेवार, चुका आणि खर्च धरून.

घर १९३० च्या दशकातलं, सेमी-डिटॅच्ड म्हणजे एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक, तीन बेडरूम, २०१४ ला घेतलेलं. २०१६ ला खिडक्या बदलल्या, २०१७ ला बॉयलर, २०१८ ला मागे किचन वाढवलं, २०१९ ला लॉफ्टमध्ये, म्हणजे माळ्यावर, इन्सुलेशन टाकलं. या प्रत्येकाचा कागद पुढे कुणीतरी मागणार हे तेव्हा डोक्यातच नव्हतं.

१५ जुलै

एस्टेट एजंट येऊन घर बघून गेला. खोल्या बघायच्या आधीच त्याने विचारलं ईपीसी आहे का. ईपीसी म्हणजे घराच्या ऊर्जेचं प्रमाणपत्र, ए ते जी अशी ग्रेड असते, फ्रीजवर स्टार असतात तसं समजा. मी म्हटलं आहे की, घेताना मिळालेली. त्याने फोनवर सरकारी साइटला पोस्टकोड टाकला आणि दाखवलं, फेब्रुवारी २०१४ ची, डी ग्रेड, ५६ गुण, मुदत संपून वर्षाच्या वर झालंय. ईपीसी १० वर्षंच चालते.

नियम असा आहे की ईपीसी मागवल्याशिवाय घर मार्केटला टाकता येत नाही. मागवली असेल तर टाकता येतं, पण ७ दिवसांत ती हातात यावी म्हणून प्रयत्न करायचा आणि नाहीच जमलं तर पुढचे २१ दिवस मिळतात. नाहीतर राहत्या घराला २०० पौंड दंड आहे. एजंट म्हणाला आमचा असेसर, म्हणजे ईपीसीसाठी घर तपासणारा माणूस, पाठवतो, १२० पौंड. मी ईपीसीच्या सरकारी रजिस्टरवरूनच जवळचा एक शोधला, ७५ पौंडात तयार झाला. हे तुम्हीही करा, एजंटचाच माणूस घ्यायला हवा असं काही नाही.

१७ जुलै

असेसर सकाळी ९ ला आला, जवळजवळ सव्वा तास होता. जूनपासून मोजायची पद्धत बदललीय म्हणाला, आता प्रत्येक खिडकीचं माप घ्यावं लागतं, पूर्वी अंदाजाने चालायचं. मागच्या दाराच्या चौकटीत टेप धरून भिंतीची जाडी मोजली, बाहेर जाऊन विटांची रचना बघितली. सगळ्या विटा आडव्या लांब दिसतात म्हणजे भिंत दुहेरी, मधे पोकळी, त्याला इथे कॅव्हिटी वॉल म्हणतात. खिडकीच्या दोन काचांच्या मधे कडेला जी चंदेरी पट्टी असते त्यावर टॉर्च मारून काहीतरी वाचत होता. मी पण वाकून बघितलं तर बारीक अक्षरात कंपनीचं नाव आणि ०४/१६ असं छापलेलं. नऊ वर्षं त्या खिडक्या पुसल्या, हे कधी दिसलं नव्हतं.

लॉफ्टमध्ये डोकं घातलं आणि खाली उतरला. सगळीकडे फळ्या स्क्रूने घट्ट, कडेपर्यंत, खाली काय आहे दिसत नाही. मी सांगितलं खाली ३०० मिलिमीटर काचेची लोकर आहे, मीच टाकलीय. तो शांतपणे म्हणाला, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण मला जे दिसतं किंवा ज्याचा कागद आहे तेवढंच लिहिता येतं. थर्मोस्टॅट कुठेय विचारलं, आमचा वायरलेसचा, बॅटरी संपून ड्रॉवरमध्ये पडलेला. तो दाखवला तेव्हा लिहून घेतलं.

१९ जुलै

रिपोर्ट ईमेलने आला. डी ६०. अकरा वर्षांत नवा बॉयलर, नव्या खिडक्या, माळ्यावर लोकर आणि एवढं सगळं करून ५६ चे फक्त ६०. सी ६९ ला सुरू होतं, मी धरून चाललो होतो की सी आरामात येईल.

रिपोर्ट शब्दाशब्दाने वाचला तेव्हा कळलं. भिंती: कॅव्हिटी, बांधली तशीच, इन्सुलेशन नाही, गृहीत. छप्पर: मर्यादित इन्सुलेशन, गृहीत. हा 'गृहीत' शब्द दोनदा. दिसलं नाही आणि कागद नाही की घर ज्या काळातलं त्या काळची साधारण स्थिती धरतात, आणि १९३० च्या दशकात भिंतीत कुणी काही भरत नव्हतं.

पण आमच्या भिंतीत भरलेलं आहे! घेताना आधीच्या मालकीणबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या, त्यांच्या वेळी करून घेतलं होतं म्हणून. आता पुरावा काय.

माझी पहिली मोठी चूक हीच. आधी कागद गोळा करायचे, मग असेसर बोलवायचा. मी उलट केलं.

२० जुलै, रविवार

सकाळी लॉफ्टमध्ये. तीन ठिकाणच्या फळ्या उघडायच्या ठरवल्या, माळ्यावर चढायच्या झडपेजवळ एक, मधे एक, कडेला एक. २०१९ ला मी उत्साहात एकेका फळीला आठ-आठ स्क्रू मारले होते, त्यातल्या निम्म्यांची डोकी झिजलेली, स्क्रू ड्रायव्हर नुसताच फिरतोय. शेवटी ड्रिलने डोकी उडवली. मास्क आणि लांब बाह्यांचा शर्ट घालून करा, ती काचेची लोकर अंगाला लागली की संध्याकाळपर्यंत खाज जात नाही. तीन तास गेले.

खाली जुनी १०० मिमीची पिवळट, दबलेली लोकर आणि तिच्यावर आडवी मी टाकलेली २००. शिफारस इथे २७० ची असते, त्यामुळे आपण वरच आहोत. पट्टी उभी धरून फोटो काढले, पण असेसरला फोन केला तेव्हा तो म्हणाला घरमालकाने काढलेल्या फोटोवर मी जाऊ शकत नाही, कुठल्या घराचा आहे कशावरून, फळी उघडी ठेवा मी स्वतः मोजतो. बरोबरच आहे त्याचं.

२३ जुलै

भिंतीचा शोध. कॅव्हिटी भरताना बाहेरून विटांच्या सांध्यात साधारण बोटाएवढी भोकं पाडतात आणि नंतर सिमेंटने बुजवतात, ठराविक अंतरावर ते ठिपके दिसतात. आमच्या घराला पुढून पेबलडॅश (बारीक खडे लावलेलं प्लास्टर) आणि बाजूला रंग, काही दिसेना. मागच्या बाजूला एक्स्टेन्शन झाल्यामुळे तिथली भिंत झाकली गेली. वरच्या बेडरूमच्या खिडकीखाली मात्र रंगाखाली एक गोल दिसला, मग शिडी लावून तसेच चार शोधले, एका ओळीत. फोटो काढून ठेवले.

आमच्या ओळखीतले एक काका आहेत, तीस वर्षं इथे, दोन घरं विकलीयत. त्यांनी सांगितलं, अरे ते काम करणारी कंपनी बंद पडली असली तरी गॅरंटी सिगाकडे असेल, तिथे विचार. सिगा ही कॅव्हिटी इन्सुलेशनची २५ वर्षांची गॅरंटी देणारी संस्था, १९९५ पासून आहे, आणि गॅरंटी माणसाची नसून घराची असते, मालक बदलला तरी चालू राहते. पत्ता टाकून विचारणा केली. काकांना मनापासून धन्यवाद, हे मला एजंटनेही सांगितलं नव्हतं.

दरम्यान एजंटने घर डी ग्रेडवरच साइटवर टाकलं. मी थांब म्हणायला हवं होतं. सुट्ट्यांचा मोसम जाईल म्हणून त्याची घाई आणि मी पण हो म्हणालो.

४ ऑगस्ट

सिगाकडून गॅरंटीची प्रत आली. २००६ चं काम, आमचाच पत्ता. त्या एका पानासाठी बारा दिवस.

९ ऑगस्ट

किचनमधले ८ हॅलोजन स्पॉट काढून एलईडी लावले, बल्बसुद्धा मोजले जातात, कोणत्या प्रकारचे किती. २४ पौंड. थर्मोस्टॅटला बॅटरी घालून भिंतीवर लावला. रिपोर्टमध्ये लाकडी जमिनीखाली इन्सुलेशन आणि सोलर पॅनलही सुचवलेत, ते विकायच्या तोंडावर करण्यात मला काही राम वाटला नाही. त्याचा फायदा राहणाऱ्याला, आणि तो पैसा घराच्या किमतीत परत येईलच असं नाही.

१२ ऑगस्ट

असेसर परत आला, ४५ पौंडात. तीन ठिकाणी लोकर मोजली, गॅरंटीची प्रत घेतली. संध्याकाळी रिपोर्ट: सी ७१.

हा अकराचा फरक घरात काहीही न बदलता पडलाय, बल्ब सोडले तर. भिंत तीच, माळा तोच.

विकण्यासाठी कुठली किमान ग्रेड लागत नाही हेही सांगतो, डी वर घरं सर्रास विकली जातात. पण घर भाड्याने द्यायचं तर निदान ई लागते आणि ती सी करायचा सरकारचा प्रस्ताव २०२५ मध्ये आला होता, त्यामुळे पुढेमागे भाड्याने द्यायचा विचार असलेला खरेदीदार सी कडे बघतोच.

२१ ऑगस्ट

सॉलिसिटर, म्हणजे घराचा व्यवहार बघणारा वकील, नेमला. त्याने फॉर्म पाठवले. मुख्य टीए६, त्यात घराबद्दल सगळं: शेजाऱ्यांशी वाद, पूर, पार्किंग, जपानी नॉटवीड नावाचं ते चिवट झुडूप आहे का, आणि घरात कायकाय कामं केली त्याचे कागद. दुसरा टीए१०, घरात काय ठेवून जाणार काय नेणार.

खिडक्या नियमाप्रमाणे बसवल्याचं फेन्सा सर्टिफिकेट हरवलेलं, ऑनलाइन पैसे भरून दुसरी प्रत मिळाली. बॉयलरचं गॅस सेफ या गॅसकाम करणाऱ्यांच्या नोंदणी संस्थेच्या साइटवर मिळालं, बसवणाऱ्याने तेव्हा नीट नोंदवलं होतं. ज्यांनी अजून विकायचं ठरवलं नाही त्यांनीही आजच या दोन साइटवर आपला पत्ता टाकून बघा. नोंद नसेल तर काम केलेला माणूस अजून धंद्यात आहे तोवर त्याला गाठणं सोपं.

२६ ऑगस्ट

आता खरी अडचण. किचन एक्स्टेन्शनचं कम्प्लीशन सर्टिफिकेट, म्हणजे बांधकाम नियमाप्रमाणे पूर्ण झाल्याचा दाखला, फाइलमध्ये नाही. कौन्सिलला (इथली स्थानिक पालिका) बिल्डिंग नोटीस, म्हणजे बांधकाम करत असल्याची सूचना, दिल्याची पावती आहे, पाया आणि गटाराच्या तपासणीच्या नोंदी आहेत, शेवटची तपासणी मात्र झालीच नाही. बिल्डरने शेवटचा हप्ता घेतला, 'सर्टिफिकेट पोस्टाने येईल' म्हणाला आणि मीही परत विचारलं नाही. सात वर्षं त्या किचनमध्ये पोळ्या लाटतोय आणि कागदावर ते काम अपुरं आहे. बिल्डरचा नंबर बंद.

२ सप्टेंबर

एजंट म्हणतो इन्डेम्निटी विमा घ्या, थोडक्यात काम होईल. सॉलिसिटरने आकडा दिला ८५ पौंड. आता इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, ती नीट वाचा: एकदा कौन्सिलला फोन करून 'आमच्याकडे सर्टिफिकेट नाहीये हो' असं सांगितलंत की मग तो विमा सहसा मिळत नाही. म्हणजे आधी ठरवायचं, मग फोन उचलायचा. मी नशिबाने सॉलिसिटरला आधी विचारलं.

दोन दिवस आमची घरात चर्चा. विमा काय देतो, तर कौन्सिलने कारवाई केली तर त्याचा खर्च. काम नीट झालंय असं तो कुठेच म्हणत नाही. बायको म्हणाली, किचनमधल्या त्या लोखंडी बीमखाली उद्या कुणाचीतरी मुलं अभ्यासाला बसणार, आपण तपासून घेऊ ना. मला ते पटलं. शिवाय नोटीस दिलेलीच होती, फाइल फक्त अर्धवट राहिली होती. नोटीसच दिलेली नसेल तर मग रेग्युलरायझेशनचा, म्हणजे काम मागाहून मंजूर करून घ्यायचा, वेगळा अर्ज करावा लागतो, ११ नोव्हेंबर १९८५ नंतरच्या कामांना तो करता येतो, पण त्यात ते भिंत उघडून दाखवायला सांगू शकतात.

फाइल परत उघडायची फी १४४ पौंड भरली. तारीख मिळाली दोन आठवड्यांनंतरची.

८ सप्टेंबर

नवीन विषय. लँड रजिस्ट्रीवरून टायटलची, म्हणजे घराच्या मालकीच्या नोंदीची, प्रत काढली, ७ पौंड. त्यात बायकोचं नाव तीन शब्दी, म्हणजे नाव, माझं नाव, आडनाव, आपल्याकडे लिहितात तसं. २०२१ ला ब्रिटिश पासपोर्ट काढताना मधलं नाव गाळलं होतं. सॉलिसिटर विचारतो या दोन बाया एकच कशावरून.

मी लग्नाचा दाखला दिला, तो सांगलीचा, पूर्ण मराठीत. अधिकृत भाषांतर करून घेतलं, ४५ पौंड आणि सहा दिवस. ते गेल्यावर तो म्हणतो यात लग्नाआधीचं नाव आहे, मला हवीत ती दोन्ही नावं जुळत नाहीत. पैसे पाण्यात. शेवटी बॅगेच्या तळातून तिचा रद्द केलेला निळा भारतीय पासपोर्ट काढला, त्यावर तिन्ही शब्द, फोटो, आणि नागरिकत्व सोडल्याचं सर्टिफिकेट जोडीला. तेवढ्यावर काम झालं. जुने पासपोर्ट अजिबात टाकू नका, आणि टायटलवरचं नाव पासपोर्टशी आज ताडून बघा, विकायच्या वेळी नको.

आनंदाची बातमी, ५ तारखेला एक ऑफर आली ती आम्ही घेतली. तरुण जोडपं, पहिलंच घर.

१८ सप्टेंबर

बिल्डिंग इन्स्पेक्टर आला. वयस्कर माणूस, बोलायला चांगला. त्याचा मुख्य प्रश्न: जुनी मागची भिंत पाडून जो लोखंडी बीम टाकलाय त्याला आगीपासून अर्ध्या तासाचं संरक्षण आहे का. आता तो बीम प्लास्टरच्या आत. मला वाटलं फोडावं लागणार. तेव्हा आठवलं की काम चालू असताना मी रोज संध्याकाळी आईला सांगलीला फोटो पाठवायचो, तिला बघायचं असायचं किचन कुठवर आलं. व्हॉट्सअ‍ॅपवर मागे मागे जात राहिलो, इन्स्पेक्टर चहा पीत उभा. मिळाला! बीमला गुलाबी बोर्ड गुंडाळलेला, बाजूला आमची ओळखीची खिडकी आणि खाली आईचा मेसेज, "ओटा केवढा होणार?" आगीपासून रक्षण करणारा बोर्ड सहसा गुलाबी असतो. जमिनीखालच्या १०० मिमी इन्सुलेशन बोर्डाचाही फोटो निघाला, त्यावर छापलेला आकडा वाचता येत होता.

त्याने ते ईमेल करायला सांगितले. असेसरला फोटो चालले नाहीत आणि याला चालले, कारण याच्याकडे पायाच्या तपासणीची जुनी नोंद होती, फोटोतली खोली हीच हे ताडता येत होतं.

बाकी राहिलं इलेक्ट्रिकचं सर्टिफिकेट. बिल्डरच्या इलेक्ट्रिशियनने काहीच नोंदवलेलं नाही.

३० सप्टेंबर

नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून घराची पूर्ण तपासणी, २२० पौंड. एक दोष निघाला आणि तो गंभीर: गॅसच्या पाइपला जी हिरवी-पिवळी अर्थिंगची तार असते ती जोडलेलीच नाही. एक्स्टेन्शनच्या वेळी मीटर सरकवला तेव्हा काढली आणि परत लावली नाही. सिंकखालच्या कपाटाच्या मागे तिचं मोकळं टोक लोंबत होतं, वर कोळ्याचं जाळं. सात वर्षं. ९० पौंडात दुरुस्त केलं. विमा घेऊन मोकळे झालो असतो तर ही तार तशीच राहिली असती.

१४ ऑक्टोबर

कम्प्लीशन सर्टिफिकेट ईमेलने आलं. एक पान. मी प्रिंट काढून बायकोला फोनवर दाखवलं.

६ नोव्हेंबर

खरेदीदाराच्या सॉलिसिटरचे प्रश्न, २३ आहेत. त्यातला एक: एका महिन्यात दोन ईपीसी कशा, आधी डी आणि मग सी? रजिस्टरवर जुन्या सर्टिफिकेट्सची यादी खाली दिसते, ती पुसली जात नाही. गॅरंटीची प्रत आणि दोन्ही रिपोर्ट पाठवले, शंका मिटली. पण पहिल्याच खेपेला नीट केलं असतं तर हा प्रश्न आलाच नसता आणि तीन आठवडे डी ची जाहिरातही राहिली नसती.

टीए१० भरताना देवघराचं ठरवावं लागलं. भिंतीला स्क्रूने बसवलेलं आहे, आणि भिंतीला जे कायमचं बसवलंय ते घराबरोबर जातं असं सहसा धरतात, म्हणून स्पष्ट 'नेणार' लिहिलं. त्या फॉर्मात अंगणातली झाडंही धरतात, कढीपत्त्याची कुंडी नावानिशी लिहिली. पडदे त्यांना दिले.

२८ नोव्हेंबर

एक्स्चेंज झालं, म्हणजे दोन्ही बाजूंनी करार पक्का. आजवरचा हिशोब, सॉलिसिटर आणि एजंटची फी सोडून: दोन ईपीसी १२०, बल्ब २४, कौन्सिल १४४, इलेक्ट्रिशियन ३१०, भाषांतर ४५, टायटल ७, म्हणजे ६५०, वर फेन्साचे थोडे. यातले ४५ आणि ४५, दुसरी ईपीसी आणि भाषांतर, निव्वळ माझ्या घाईचे. वेळ मात्र कशानेच भरून निघत नाही, कौन्सिलमुळे सहा आठवडे गेले आणि खरेदीदार थांबले हा त्यांचा चांगुलपणा.

१२ डिसेंबर

कम्प्लीशन, म्हणजे घराचा ताबा द्यायचा दिवस. सकाळी गॅस आणि विजेच्या मीटरचे फोटो काढले, कागदांची फाइल किचनच्या ओट्यावर ठेवली, सिगाची गॅरंटी सगळ्यात वर, २०३१ पर्यंत चालू आहे. देवघराच्या जागी चार भोकं राहिली होती ती पुट्टीने भरली.

रात्री नव्या मालकाचा मेसेज आला, लॉफ्टमधल्या तीन फळ्या सैल आहेत, स्क्रू मारू का. त्याला लिहिलं, मारू नका, २०३५ ला असेसर येईल त्याला उचलायच्यात.